हँडल आडवं होतं

तांडेला, तुझ्या दहाव्याला कावळा पहिल्या झटक्यात शिवला.

नाग नदीच्या काठावर भटजी पिंड मांडून पुरते बाजूलाही झाले नव्हते, तोवर एक कावळा आला, भातात चोच मारली आणि समोरच्या बाभळीवर जाऊन बसला. लोकांनी हुश्श केलं. ऊन फार होतं, कोणालाच तिथे ताटकळायचं नव्हतं. तुझा धाकटा भाऊ दाजी मालवणाहून आगबोट आणि मग रेल्वे करत कसाबसा नवव्या दिवशी पोचला होता. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "आत्मो शांत झालो." मी एकटाच तिथे ओशाळा होऊन उभा राहिलो. घरून निघताना मी मनाशी ठरवलं होतं की कावळा अडला तर पुढे व्हायचं आणि सगळ्यांदेखत बोलून टाकायचं. जीभ तयार ठेवली होती. पण तू अडलाच नाहीस. जिवंतपणी दहा वर्षं मला कधी अडवलं नाहीस, मेल्यावर कशाला अडवशील!

मग काय, मीही सगळ्यांबरोबर नदीत पाय धुतले आणि छत्री उघडून परत निघालो.

हे लिहितोय ती भाषा बघून तू हसला असतास. तोंडाने मी तुझ्याशी 'तुले-मले' करत आलो आणि तू माझ्याशी 'तुका-माका'. हातात टाक आला की मला शाळेतल्या मास्तरांची मराठी सुचते, त्याला मी काय करू? तुला तर अक्षरओळखच नव्हती. तुझी पत्रं मी वाचायचो आणि तुझी उत्तरं मीच लिहायचो. त्यातल्या एका पत्रावर पुढे येणारच आहे.

तू नागपुरात आलास तो दिवस सीताबर्डीवरच्या जुन्या लोकांना अजून आठवतो. इथल्या एका गोऱ्या साहेबाने मुंबईहून शिडाची होडी मागवली होती आणि ती चालवायला तांडेल म्हणून तुला. मालगाडीतून ती स्टेशनात उतरली आणि दोन बैलगाड्या एकीला एक जोडून त्यांच्यावर घातली. वरात निघाली अंबाझरीच्या तलावाकडे. तू होडीत उभा, एक हात डोलकाठीच्या बुंध्यावर, आणि गाड्या खड्ड्यातून गेल्या की गाडीवानांना मालवणीत शिव्या घालत होतास. ते बिचारे तेलंगखेडीचे, त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. गर्दीतून कोणी ओरडलं, "ओ भाऊ, इथं समुद्र नाही, चुकले तुम्ही!" सगळा रस्ता हसला. तूही हसलास. मी तेव्हा रस्त्याच्या कडेला नळाचा एक गळका फाटा उघडून बसलो होतो. म्हटलं, हा माणूस बरा दिसतो.

तलाव आमच्या जलखात्याचा. म्हणजे पाणी आमचं. साऱ्या शहराच्या नळाला ते जायचं आणि त्या नळावरचा मी मिस्त्री. म्हणून होडीत काय काय आहे ते बघायला मी दुसऱ्याच दिवशी आलो, जरा तोऱ्यातच आलो. पुढच्या भागात एक बुटकी खोली, तिच्यात साहेबाला दाढी करायला चिनी मातीचं बेसिन. बेसिनातून रबरी नळी खाली, आणि ती नळी थेट होडीच्या तळातल्या भोकाला. भोकावर पितळी कॉक, पाव फेऱ्यात उघडबंद होणारा. मी कपाळाला हात लावला.

"काहून गा," मी म्हटलं, "सारं नागपूर हे पाणी पिते, अन् तुझा साहेब त्यात दाढीचं पाणी सोडून राहिला?"

"म्हणान तर मी होडी सोडताना कॉक बंद करतंय," तू म्हणालास, जसा काही त्याने माझा प्रश्न सुटला.

तिथून आपला वाद सुरू झाला. तुझं म्हणणं साधं होतं. होडीवरून उतरताना तळातलं भोक बंद करायचं, मग मागे वळून बघायचं नाही. नळी सुटली, फाटली, उंदराने कुरतडली, तरी होडी तरंगती राहते. माझं म्हणणं, तळं आहे हे, भरती नाही, लाटा नाहीत. बेसिन पाण्याच्या वर आहे, नळी शाबूत आहे, पाणी चढणार कुठून? उलट कॉक रोज फिरवला की झिजतो. आम्ही काय शहराचा मोठा व्हॉल्व्ह रोज संध्याकाळी बंद करून घरी जातो?

"तुमचा पाणी शहाणा आसात," तू म्हणालास. "माका भेटलेला सगळा पाणी एकच. तेका समुद्र नि तळा ठाऊक नाय. तेका फक्त भोक ठाऊक."

मग मी तुला कोंडीत पकडलं. होडीच्या मागच्या बाजूला, जिथे बसून सुकाणू धरायचं, त्या खड्ड्याच्या तळालाही दोन भोकं होती, कॉकसकट. ती मात्र तू उघडी टाकून जायचास. "मग हे दोन काहून उघडे? इथं पाण्याले भोक ठाऊक नाही काय?" तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला माझीच कीव आली. खड्ड्याचा तळ तलावाच्या पाण्याहून उंच; पाऊस पडला की त्यातलं पाणी बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर होडी वरून भरून बुडेल. आणि त्यांना रबर नव्हतं, तांब्याच्या नळ्या होत्या. जाताना काय बंद करायचं आणि काय उघडं ठेवायचं, हे दर भोकाला निराळं असतं असं तू म्हणालास. मी म्हटलं, मग तू सांगतो तो नियमच नाही. यावर आपण चार महिने भांडलो. तुझ्या बायकोने, वहिनीने, एकदा दोघांपुढे आमसुलाच्या सरबताचे पेले आपटून ठेवले आणि म्हणाली, "त्या भोकात आता माती घाला."

या वादाशिवाय आपलं बोलणं नव्हतं असं नाही. नागपुरावर तुझी एकच तक्रार, पाण्याला मीठ नाही. तलावातला मासा वहिनी रांधायची आणि तू पहिल्या घासाला न चुकता म्हणायचास, "बरो आसा, पण अळणी." संत्र्यावर मात्र तू बेहद्द खूश होतास, सालीसुद्धा वाळवून गावी पाठवायचास. आणि एक दुपार माझी आहे, ती मी कोणाला देणार नाही. साहेब दौऱ्यावर होता. तू मला होडीत बसवलंस, शीड सोडलंस आणि सुकाणू माझ्या हातात दिलंस. पाण्याचा मिस्त्री मी, पण पाण्यावर कधी बसलो नव्हतो, पोहता येत नव्हतं. होडी कलली तशी मी देवाचं नाव घेतलं. तू पाय पसरून बसला होतास. म्हणालास, "घट धरू नको. तिका कळता खंय जावचा ता." मी हात सैल सोडला आणि ती खरंच सरळ झाली. बांधाजवळ आलो तेव्हा माझा सदरा घामाने चिंब होता आणि तोंडावरचं हसू जात नव्हतं. माझ्या आयुष्यात तशी दुपार पुन्हा आली नाही.

आता ते हँडल.

पुढच्या मे महिन्यात तलाव आटला आणि होडी काठावर लाकडी टेकूंवर चढवली. साहेब पचमढीला थंड हवेत. तू होडी खरवडून रंगवत होतास आणि बेसिनच्या कॉकचं जुनं हँडल तुझ्या हातात तुटून आलं. साहेबाला कळवायचं, त्याने मुंबईला लिहायचं, सुटा भाग यायला दोन महिने. तोवर तलाव भरणार. तू माझ्याकडे आलास. "मिस्त्री, एक हँडल करून दी." एवढं मागताना तू किती संकोचला होतास! मी म्हटलं, त्यात काय आहे, उद्या घेऊन येतो. सरकारी कारखाना, सरकारी पितळ आणि खाजगी काम. ओव्हरसियरला न विचारता केलं. त्या दिवसांत असल्या कामावरून आमच्या एका फिटरला घरी बसवलं होतं, हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच तू संकोचला होतास.

हँडल सुरेख झालं. अजून सांगतो, माझ्या हातून तसं काम क्वचितच झालं असेल. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आपण दोघं त्या बुटक्या खोलीत शिरलो. आत भट्टी पेटल्यासारखं तापलं होतं. कॉकच्या माथ्याला चौकोनी खुंटा असतो, हँडलला चौकोनी भोक. मी ते खुंट्यावर दाबलं, वरून नट आवळला, फिरवून पाहिलं. लोण्यासारखं फिरलं. "बसलं," मी म्हणालो.

चौकोन चार तऱ्हेने बसतो, तांडेला. दोन बरोबर आणि दोन चूक. हँडल उभं म्हणजे कॉक उघडा, आडवं म्हणजे बंद, हे तुमच्या होड्यांवर लेकराला कळतं. माझा जन्म चाकाच्या व्हॉल्व्हांत गेलेला. गोल चाक कसंही बसवा, त्याला उभं नाही की आडवं नाही. डावीकडे फिरवत जा, उजवीकडे फिरवत जा, वेढे मोजा, झालं. पंपघरातले बारके कॉक बॉयलरवाले बघायचे, मी त्यांना हातही लावत नसे. तेव्हा आतल्या भोकाचं तोंड कुठे आहे ते न बघता मी हँडल चाकासारखं बसवलं. पाव फेरा चुकलं.

आणि तू बघणार होतास. हे मी विसरायचा फार प्रयत्न केला. तू होडीखाली जाऊन भोकातून वर डोळा लावायला वाकलासुद्धा होतास. मीच बाहेरून ओरडलो, "माझ्यावर भरवसा नाही काय गा?" तू हसलास आणि सरळ झालास. मग आपण वहिनीकडे सरबत प्यायला गेलो.

श्रावणात तलाव भरला, होडी पाण्यात उतरली. पहिल्या संध्याकाळी तू उतरताना नेहमीसारखा आत गेलास, बेसिनचं हँडल आडवं केलंस, खड्ड्यातली दोन्ही भोकं उघडी आहेत ते पाहिलंस आणि घरी गेलास. रबरी नळी मे महिन्याच्या उन्हाने पापडासारखी झाली होती, ते वरून कोणाला कळत नव्हतं. रात्रीत कधीतरी ती कॉकवर आवळलेल्या पट्टीपाशी फुटली. कॉक बंद असता तर काही झालं नसतं. तुझा नियम त्यासाठीच तर होता! सकाळी काठावर येऊन बघतात तर पाण्यावर नुसती डोलकाठी.

होडी वर काढायला जलखात्याची साखळी, कप्पी आणि हातपंप नेला, म्हणजे मीच गेलो. वीस माणसांनी ओढून ती उथळात आणली, होडीचे काठ पाण्याच्या वर आले तसा पंप लावला. पण आतलं पाणी काही उतरेना. कुठून तरी येत होतं. मी खोलीत उतरलो. छातीएवढं पाणी. बेसिनखाली हात घातला तर फुटक्या नळीतून पाण्याचा जोर हाताला लागला. कॉक चाचपला.

हँडल आडवं होतं.

यानंतर मी जे केलं ते विचार करून केलं नाही. पाणी येतंय म्हटल्यावर आमच्या लोकांचा हात आधी बंद करतो, डोकं मागून येतं. मी हँडल फिरवलं. ते उभं झालं आणि पाणी थांबलं. मग डोकं आलं. आडवं असताना येत होतं, उभं केल्यावर थांबलं. काय झालं ते मला तिथेच कळलं. वर पाहिलं तर तू दारात वाकून उभा होतास, माझ्या हाताकडे बघत. तुलाही कळलं होतं. खलाशाला असलं दोनदा बघावं लागत नाही.

पंपाने पाणी उतरून बेसिनखालचं दिसायला लागलं तेवढ्यात साहेब आला. त्याने तुला बाजूला सारून आत डोकं घातलं, निथळत्या पाण्यात ते उभं हँडल पाहिलं आणि म्हणाला, "तांडेल, तुम खुला छोड़के गया।"

"नाही साब. मैंने बंद किया था।" एवढंच तू म्हणालास, तेही एकदाच. साहेबाने हँडलकडे बोट केलं. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नव्हे. मी बोलतो का, एवढंच तू बघत होतास.

मी पंपाची नळी सारखी करत बसलो. ती आधीच सारखी होती.

भीती वाटली रे, दुसरं काय सांगू. सरकारी पितळ डोळ्यांपुढे आलं, घरातली सहा तोंडं डोळ्यांपुढे आली. मनाशी म्हटलं, संध्याकाळी साहेबाला एकट्याला गाठून सांगू. संध्याकाळी म्हटलं उद्या. दुसऱ्या दिवशी तुला कामावरून काढलं. त्याच दिवशी दुरुस्तीच्या नावाखाली मी नट सोडून ते हँडल पाव फेरा फिरवून सरळ बसवलं. पुरावा पुसतोय असं तेव्हा मनात आलं नव्हतं. आलं असतं तरी मी बसवलं असतं.

महिन्याभराने ओव्हरसियरच्या हातापाया पडून मी तुला पंपघरात तेल घालायच्या कामाला लावलं. लोक म्हणाले, मिस्त्री म्हणजे देवमाणूस, दोस्तासाठी केवढं केलं! तूही "उपकार झाले" म्हणालास. तुझ्या तोंडचा तो शब्द मला आजही ऐकवत नाही.

पंपघरात आल्यावर पहिल्या आठवड्यात तू एक काम केलंस. कानस घेऊन प्रत्येक बारक्या कॉकच्या खुंट्यावर एक रेघ ओढलीस, आतलं भोक ज्या दिशेला त्या दिशेची. हँडल काहीही सांगो, रेघ बघितली की कॉक उघडा की बंद ते कळावं. ओव्हरसियर खूश झाला. मी तुला विचारलं, "हे काहून गा?" तू कानस पुसत म्हणालास, "हँडल खोटां बोलता, मिस्त्री. रेघ बोलणा नाय." मला बाहेर कुठेतरी गळती आठवली आणि मी निघून गेलो.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी गावाहून दाजीचं पत्र आलं. बातमी तिकडे कशी पोचली देव जाणे. पंपघराच्या पायरीवर बसून मी ते तुला वाचून दाखवलं. खुशाली, घराचं छप्पर, कोणाचं लग्न, आणि शेवटी एक ओळ. साहेबाची होडी तू भोक उघडं टाकून बुडवलीस असं बंदरावर बोलतात, ते खरं काय? तुमच्या घरात तीन पिढ्या तांडेल. नांगरावरची होडी तुमच्यात कोणी बुडवली नव्हती. मी ओळ वाचली आणि कागदावरून डोळे वर केले नाहीत.

"उत्तर लिहायचं ना?" मी म्हटलं. टाक माझ्या हातात, कागद माझ्या मांडीवर.

तू तलावाकडे बघितलंस. मग म्हणालास, "लिव. हंयसर सगळी खुशाल आसत."

"अन् होडीचं?"

"तां तुका काय लिवचा ता लिव."

मी लिहिलं, इकडे सर्व खुशाल. खाली तुझा अंगठा घेतला. होडीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पत्र बंद करून तुझ्यासमोर खिशात ठेवलं आणि तू मान हलवलीस. तुझ्या गावाने त्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. त्यानंतर तू मालवणाला गेला नाहीस. दर शिमग्याला वहिनी बोचकं बांधायची आणि तू म्हणायचास, यंदा पंपाचं काम आहे. पंपाचं काय काम असतं ते मला ठाऊक आहे. काही नसतं.

आणि तरी आपण भांडत राहिलो! दहा वर्षं! होडी साहेबाबरोबर बदलीच्या गावी गेली, पण होडी सोडताना भोक बंद करावं की नाही हा वाद पंपघराच्या पायरीवर चालूच. मला वाटतं तू तो मुद्दाम जिवंत ठेवलास, नाहीतर मला तुझ्याजवळ बसायला तोंडच उरलं नसतं. त्यात माझी एक गंमत होती. माझ्या बाजूचा सगळ्यात पक्का मुद्दा मला कधी वापरता आला नाही. 'तू बंद करून गेलास तरी बुडलीच ना?' असं म्हणायला मी कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा तूच म्हणालास, "बंद करून पण बुडता कधी कधी." आणि विडी पेटवलीस. मी म्हटलं, "हो, कधी कधी." तेवढ्यावर तो दिवस गेला.

शेवटच्या आठ दिवसांच्या तापात मी रोज येत होतो. तू शुद्धीवर होतास. चौथ्या दिवशी वहिनी पाणी आणायला गेली आणि खोलीत आपण दोघंच. मी म्हटलं, "तांडेला, मले तुले काही सांगायचं आहे गा." तू डोळे मिटूनच म्हणालास, "ऱ्हवांदे." मी राहू दिलं. हे मी तुझ्यावर ढकलत नाही. तू नको म्हणालास म्हणून मी थांबलो नाही. मला थांबायला कारणच हवं होतं, ते तू दिलंस. आजवर मी मागेन ते तू मला देत आलास.

तर दहाव्याचं. घाटावरून घरी आलो, पंगत बसली. वहिनी वाढत होती. दाजी माझ्या शेजारी. माणूस तुझ्यासारखाच, हाडापेराने आणि आवाजानेसुद्धा. जेवता जेवता तो म्हणाला, "माझो भाव बरो माणूस होतो. पण त्या एका भोकान घराचा नाव घालवल्यान." वाईट बोलायचं म्हणून बोलला नाही. जे दहा वर्षं गावात सगळ्यांना ठाऊक आहे ते बोलला. समोरच्या पंगतीत पंपघरातले चौघे होते, त्यांनीही माना हलवल्या.

माझ्या हातात वरणभाताचा घास होता. तो मी पानात ठेवला.

"तो बंद करून गेला होता," मी म्हटलं. "हँडल मी केलं होतं. उलटं बसवलं मी. ते आडवं होतं, मी माझ्या हातानं उभं केलं, अन् साहेबापुढे बोललो नाही."

कसं बोललो ते मला आठवत नाही, आवाज फार मोठा होता असं नंतर पंपघरातल्या एकाने सांगितलं. पंगत थांबली. दाजी उठला, अर्ध्या पानावरून, हात धुतले आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं होतं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

वहिनी हातातलं भाताचं भांडं घेऊन माझ्या पानापुढे आली. मग म्हणाली, "मी तेंका धा वेळा विचारलंय, भावजी. बंद केल्यात की नाय? म्हणायचे, मिस्त्रीक विचार."

"मग काहून नाही विचारलं, वहिनी?"

"विचारलंय असतंय नि तुम्ही येयाचे बंद झाले असतात तर? तेंका हंय दुसरा कोण होता?"

एवढं बोलून तिने पुढच्या पानावर भात वाढला. मी तिथे बसून रडलो, तांडेला. साठीला टेकलेला माणूस पंगतीत बसून रडला आणि कोणी समजूत घातली नाही, ते बरंच केलं.

दाजीने मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही. त्याच्याकडे ती नाहीच, ती तुझ्याकडे होती आणि तू न मागता देऊन बसलास, तीच तर माझी पंचाईत आहे. पण काल संध्याकाळी तो माझ्या घरी आला. बस म्हटलं तर बसला नाही. दारातूनच म्हणाला, "ह्या सगळा माका लिवन देवा. नुसती खुशाली नको. गावात वाचूक होया, बंदरावर, सगळ्यांपुढे." परवाच्या गाडीने तो वहिनीला घेऊन जातोय.

म्हणून हे लिहितोय. एक प्रत दाजीसाठी, एक ओव्हरसियरच्या टेबलावर. माझी नोकरीची दोन वर्षं उरली आहेत, खात्याला काय करायचं ते करू दे. आज सकाळी पंपघरात गेलो होतो. तुझ्या सगळ्या रेघा हाताने चाचपून आलो. एकही चुकलेली नाही.

वाद तू जिंकलास हेही लिहून टाकतो, नाहीतर दाजीला वाटेल मिस्त्री अजून काही लपवतोय. होडी सोडताना भोक बंद करावं. मात्र ते बंद झालं की नाही हे खाली वाकून डोळ्यांनी बघावं, आणि कोणी म्हटलं भरवसा नाही काय, तर त्याला सांगावं, नाही.

बंदरावर हे वाचलं जाईल तेव्हा समोर तुझ्या बापाच्या वेळचे म्हातारे असतील, तुझ्याबरोबर होड्या ओढलेले असतील. त्यांना मी एवढंच सांगतो. तुमचा माणूस त्या संध्याकाळी होडीवरून उतरला तो कॉक बंद करून उतरला. मी छातीएवढ्या पाण्यात उतरून माझ्या हाताने चाचपलं होतं. हँडल आडवं होतं.

वामन मिस्त्री, जलखातं, नागपूर